३९-३७ : इंचॉनची एक बाउट आणि कधीच न तपासलेली गुणपत्रिका

तीन पंच, तीन गुणपत्रिका आणि तिन्हींवर एकच आकडा : ३९-३७. ३० सप्टेंबर २०१४ रोजी दक्षिण कोरियातल्या इंचॉन शहरात, सतराव्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, महिला बॉक्सिंगच्या ६० किलो गटाची उपांत्य बाउट, म्हणजे लढत, संपली आणि रेफ्रीने यजमान देशाच्या पार्क जी-नाचा हात वर केला. हरली होती मणिपूरची लैश्राम सरिता देवी.

दुसऱ्या दिवशी पदक वितरणात जे घडलं ते सगळ्यांना आठवतं. सरिताने कांस्यपदक गळ्यात घालून घेतलं नाही, हातात घेतलं आणि नंतर ते पार्कच्याच गळ्यात घातलं. त्यावर अग्रलेख आले, वाहिन्यांवर चर्चा झाल्या, संसदेपर्यंत पोचलेल्या माणसांनी रदबदली केली. तिला वर्षभराची बंदी झाली. या सगळ्या गदारोळात मूळ आकडा, तो ३९-३७, कुणी उघडून पाहिला नाही. म्हणजे ज्यांचं ते काम होतं त्यांनी नाही. मला या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते हेच, म्हणून सुरुवात त्या आकड्यापासून करतो.

आकडा काय सांगतो

त्या वेळी महिलांची बाउट दोन-दोन मिनिटांच्या चार राउंडची असायची. रेफ्री रिंगच्या आत उभा राहून बाउट चालवायचा. गुण देणारे पाच पंच रिंगभोवती बसत, पण संगणक त्यातल्या तिघांचेच गुण निकालासाठी निवडायचा. प्रत्येक राउंडला सरस ठरणारीला १० आणि दुसरीला ९. दुसरी फारच मागे पडली असेल तर ८. ही 'टेन पॉइंट' पद्धत आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेने, म्हणजे आयबाने, २०१३ मध्ये आणली होती. तोवर पंच बटणं दाबून ठोसे मोजत.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. चार राउंडमध्ये ३९ गुण व्हायचे तर तीन राउंड १० चे आणि एक ९ चा. समोरचीचे ३७, म्हणजे तीन ९ आणि एक १०. दुसरी कुठलीही जुळणी बसत नाही. याचा अर्थ तिन्ही पंचांच्या मते पार्कने चारपैकी तीन राउंड जिंकले, सरिताने एक. आणखी एक गोष्ट त्यातच दडलेली आहे : तिघांपैकी एकालाही, चारपैकी एकाही राउंडमध्ये, कुणाला ८ द्यावेत असं वाटलं नाही. पार्क अमुक राउंडमध्ये पुरती हतबल झाली होती असं तिघांपैकी कुणीच मानलं नाही.

ज्यांनी ती बाउट पाहिली त्यांच्या डोळ्यांसमोरचं चित्र वेगळं होतं. सरिता पुढे सरकत होती, तिचे हुक, म्हणजे हात वळवून बाजूने मारलेले ठोसे, स्पष्ट लागत होते, मधल्या राउंडमध्ये पार्क अडखळत मागे जात होती. भारतीय प्रेक्षकांना तसं दिसणारच, असं कुणी म्हणेल. पण बाउट पाहणाऱ्या इतर देशांच्या मंडळींतही कुजबुज होतीच. त्याच रिंगमध्ये मंगोलियाचा न्यामबायर हा बॉक्सर कोरियाच्या हाम सांग-म्योंगकडून हरला होता आणि मंगोलियाच्या पथकानेही त्या निकालावर आक्षेप घेतला होता. तोही फेटाळला गेला.

तरीही पंचांच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी म्हणायला हवं. टेन पॉइंट पद्धतीत प्रत्येक राउंडचा हिशेब तिथल्या तिथे बंद होतो. एखादीने एक राउंड कमालीच्या फरकाने जिंकला आणि बाकीचे तीन केसभर फरकाने गमावले, तर आठ मिनिटं सलग पाहणाऱ्याला तीच वरचढ वाटते, पण कागदावर ती हरते. आपण घरी बसून बाउट 'एकूण' पाहतो, पंच चार वेगवेगळ्या बाउट पाहतो. सरिताच्या सर्वांत चांगल्या राउंडला १०-८ मिळाले असते तरी बेरीज ३८-३७ आली असती, म्हणजे निकाल तोच राहिला असता. निकाल पालटायला आणखी एक संपूर्ण राउंड तिच्या नावावर लागायला हवा होता.

मी तालुका-जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांत काही वर्षं टाइमकीपरच्या खुर्चीवर बसलो आहे. त्या खुर्चीतून दिसणारी बाउट आणि समोरच्या बाजूच्या पंचाला दिसणारी बाउट एक नसते. एका मुलाची पाठ आपल्याकडे असली की दुसऱ्याचा ठोसा ग्लोव्हजवर बसला की गालावर, हे आवाजावरून ताडावं लागतं. त्यात हॉलमधली निम्मी मंडळी एकाच पोराच्या प्रत्येक फटक्यावर ओरडत असतील, तर हवेत गेलेला फटकाही लागल्यासारखा वाटतो. हा अप्रामाणिकपणा नाही, मानवी कानाची आणि डोळ्याची मर्यादा आहे. म्हणूनच पंच रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसवतात, की एकाची चूक दुसऱ्याने भरून काढावी. पण तिघंही एकाच बाजूला झुकले, तर ही व्यवस्था चूक भरून काढत नाही, ती पक्की करते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचं फार काम आहे.

ती इथवर आली कशी

सरिता तेव्हा नवखी नव्हती. २००६ साली नवी दिल्लीत झालेल्या जागतिक महिला स्पर्धेत ती ५२ किलो गटाची विश्वविजेती होती. आशियाई अजिंक्यपदं तिने एकाहून अधिक वेळा मिळवली होती, २००९ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला होता. मणिपूर पोलीस दलात ती अधिकारी होती. ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी ५१, ६० आणि ७५ असे तीनच वजनी गट ठेवले गेले आणि ५१ मध्ये मेरी कोम होती, त्यामुळे सरिताला ६० किलोत जावं लागलं. अंगात नसलेलं वजन कमावून उंच, लांब हातांच्या मुलींशी भिडायचं, हे बोलायला सोपं आहे.

२०१३ मध्ये ती आई झाली. बाळ दीड वर्षाचं असताना तिने ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाच्या शेली वॉट्सने तिला हरवलं. तिथे ती निमूट पदक घेऊन आली. दोनच महिन्यांनी इंचॉन. पराभव पचवता न येणारी खेळाडू अशी तिची जी प्रतिमा नंतर रंगवली गेली, ती या एका गोष्टीपुढे टिकत नाही.

भारतातल्या बॉक्सिंग कारभाराची त्या वेळची अवस्थाही समजून घ्यायला हवी. जुन्या भारतीय महासंघाला आयबाने डिसेंबर २०१२ मध्ये निलंबित केलं होतं आणि २०१४ च्या सुरुवातीला त्याची मान्यताच काढून घेतली. जवळपास दोन वर्षं भारतीय बॉक्सर एका अर्थी अनाथ होते. 'बॉक्सिंग इंडिया' ही नवी संघटना उभी राहिली, तिची निवडणूक सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबईत झाली. संदीप जजोदिया अध्यक्ष झाले आणि महाराष्ट्राचे जय कवळी सरचिटणीस. म्हणजे इंचॉनच्या त्या उपांत्य बाउटपर्यंत या संघटनेला महिनाही झालेला नव्हता. आयबाच्या कृपेने नुकतंच दार उघडलेलं, आणि त्याच आयबाच्या पंचांविरुद्ध उभं राहायचं होतं. एवढ्या कोवळ्या संघटनेकडून फार ताठरपणाची अपेक्षा करणं कठीण आहे. पण त्याची किंमत कुणी मोजली, हेही नोंदवायला हवं.

पाचशे डॉलर

निकालानंतर आक्षेप नोंदवायचा तर शुल्क भरावं लागतं, आणि तेही लगेच. रक्कम होती ५०० अमेरिकी डॉलर. ती जमवण्याची धावपळ केली सरिताचा नवरा थोइबा सिंग आणि तिचा वैयक्तिक प्रशिक्षक यांनी. भारतीय पथकातला कुणी अधिकारी त्या वेळी मदतीला आला नाही, अशी तिची उघड तक्रार होती. पथकात शेकड्याने खेळाडू आणि त्यांच्या मागे व्यवस्थापकांची फौज, आणि एका माजी विश्वविजेतीच्या आक्षेपाचे पैसे तिच्या नवऱ्याने गोळा करायचे, हे चित्र मला आजही अस्वस्थ करतं.

आक्षेप काही वेळातच फेटाळला गेला. कारण साधं होतं : नियमच तसा होता. आयबाच्या तेव्हाच्या नियमांनुसार रेफ्रीने नियम मोडला, त्याची कृती चुकली, तर दाद मागता येत होती. पंचांनी दिलेल्या गुणांविरुद्ध दाद मागायची सोयच नव्हती.

हा फरक किती मोठा आहे ते दोनच वर्षांपूर्वी लंडनमध्ये दिसलं होतं. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या सातोशी शिमिझूने अझरबैजानच्या अब्दुलहमिदोवला तिसऱ्या राउंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं, तरी बाउट अझरबैजानला दिली गेली. जपानने आक्षेप घेतला आणि निकाल फिरला. बॉक्सर पडल्यावर रेफ्रीने काउंट द्यायला, म्हणजे बाउट थांबवून आकडे मोजायला हवे होते, ते मोजले नाहीत, ही रेफ्रीची चूक ठरली. त्याला घरी पाठवण्यात आलं. आणि भारताच्या वाट्याला त्याच लंडनमध्ये उलटा अनुभव आला. विकास कृष्णने अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सला १३-११ असं हरवलं होतं. अमेरिकेने दाद मागितली. विकासने वारंवार धरून ठेवलं, दातांवरचं गमशील्ड थुंकलं आणि रेफ्रीने त्याबद्दल ताकीद द्यायला हवी होती, असं ठरवून स्पेन्सला गुण बहाल केले गेले. निकाल १५-१३ असा उलटला. दोन्ही ठिकाणी दाद ऐकली गेली, कारण तक्रार रेफ्रीच्या वागण्याबद्दल होती.

सरिताची तक्रार पंचांच्या नजरेबद्दल होती, आणि नजर हा विषय नियमांनी तपासणीबाहेर ठेवला होता. तसं ठेवण्यामागे काही कारण नव्हतं असं नाही. प्रत्येक हरणारा आपण जिंकलो असंच मानतो. गुणांवर दाद मागण्याची मुभा दिली तर एकही बाउट रिंगमध्ये संपणार नाही. पण त्यातून निघालेला अर्थ असा की पंचांनी सर्वांत मोठी चूक केली, तरी तीच एक चूक विचारता येत नाही. तक्रार खरी की खोटी हा प्रश्न कुणाला पडायच्या आतच तिचा निकाल लागतो.

पदक

१ ऑक्टोबर. त्याच दिवशी मेरी कोमने कझाकस्तानच्या झाइना शेकेरबेकोवाला हरवून ५१ किलोचं सुवर्ण घेतलं, आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला बॉक्सर. ६० किलोत चीनच्या यिन जुनह्वाने अंतिम फेरीत पार्कला हरवलं.

पदक द्यायला मान्यवर आले तेव्हा सरिताने मान खाली केली नाही. पदक हातात घेतलं. ती रडत होती. समारंभ पुढे सरकला आणि मग ती पायरीवरून उतरून रौप्यविजेत्या पार्कपाशी गेली आणि ते कांस्यपदक तिच्या गळ्यात घातलं. पार्क गोंधळून गेली. तिने पदक परत द्यायचा प्रयत्न केला, सरिताने घेतलं नाही. शेवटी ते व्यासपीठावरच राहिलं आणि आयोजकांनी उचललं.

मी सरिताच्या बाजूचा आहे हे एव्हाना कळलं असेल. पण या क्षणी माझं मन पार्कपाशीही थांबतं. पार्क जी-नाने गुण दिले नव्हते. तिने संगणकाला पंच निवडायला सांगितलं नव्हतं. आपल्या देशात, आपल्या लोकांसमोर मिळालेल्या रौप्यपदकावर, जगातल्या सगळ्या कॅमेऱ्यांसमोर, 'हे तुझंच घे' असा शिक्का तिच्या गळ्यात पडला. निषेध पंचांविरुद्ध होता, पण तो झेलावा लागला दुसऱ्या एका मुलीला. सरिताने नुसतं पदक हातात धरून ती निघून गेली असती तरी तिचं म्हणणं जगभर पोचलंच असतं. रागाच्या भरात माणूस समोर जो दिसतो त्याच्याशी बोलतो, आणि पंच तर केव्हाच निघून गेले होते.

ती कृती ठरवून केली होती की उत्स्फूर्त, यावर बराच काथ्याकूट झाला. आयबाच्या स्पर्धा-निरीक्षकांनी ती सरिता आणि तिच्या माणसांनी आधी आखलेली वाटते, असा सूर लावला. माझ्या मते हा प्रश्न अप्रस्तुत आहे. ठरवून केलेला निषेध हा उत्स्फूर्त निषेधापेक्षा खोटा असतो असं मानायचं कारण नाही. उलट, आदल्या संध्याकाळी रीतसर आक्षेप फेटाळला गेल्यावर ज्या रात्री झोप लागत नाही, त्या रात्री माणूस काहीतरी ठरवतोच.

शिक्षेची यादी

आशियाई ऑलिंपिक परिषदेपुढे सरिताने बिनशर्त माफी मागितली. परिषदेने तिला कडक ताकीद देऊन तो विषय संपवला. पदक काढून घेतलं नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा कुस्तीगीर आरा अब्राहामियन याने पंचगिरीच्या निषेधार्थ कांस्यपदक मॅटवर ठेवून चालता झाला, तेव्हा त्याला स्पर्धेतून बाद करून पदक काढून घेतलं गेलं होतं. त्या मानाने परिषदेने समजूतदारपणा दाखवला.

आयबाने दाखवला नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सरितावर तात्पुरतं निलंबन आलं. ते तिच्यापुरतं नव्हतं. राष्ट्रीय प्रशिक्षक गुरबक्षसिंग संधू, सागरमल धायल, क्यूबाचे ब्लास इग्लेसियास फर्नांडिस यांच्यावरही कारवाई झाली, आणि पथकप्रमुख आदिल सुमारीवाला यांच्यावरही. सुमारीवाला हे मुंबईचे, एकेकाळचे वेगवान धावपटू, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये धावलेले. फर्नांडिस हे द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले पहिले परदेशी प्रशिक्षक. नोव्हेंबरमध्ये जागतिक महिला स्पर्धा होती, तीही दक्षिण कोरियातच, जेजू बेटावर. सरिताला तिथे जाता आलं नाही.

तिला कायमची बंदी येणार अशी भीती तेव्हा खरोखर होती. देशभरातून आवाज उठला. राज्यसभेचे सदस्य असलेल्या सचिन तेंडुलकर यांनी केंद्रीय क्रीडामंत्री सर्बानंद सोनोवाल यांची भेट घेऊन तिच्यासाठी शब्द टाकला. एरवी वादांपासून चार हात दूर राहणाऱ्या तेंडुलकरांनी दुसऱ्या खेळातल्या, दुसऱ्या टोकाच्या राज्यातल्या खेळाडूसाठी हे केलं, याची आपण मराठी माणसांनी आवर्जून आठवण ठेवावी. बॉक्सिंग इंडियानेही आयबाकडे सौम्य वागण्याची विनंती केली.

डिसेंबरमध्ये निर्णय आला : १ ऑक्टोबर २०१४ पासून एक वर्षाची बंदी आणि १,००० स्विस फ्रँकचा दंड. संधू सुटले. फर्नांडिस यांना मात्र दोन वर्षं. म्हणजे पदक नाकारणारीला एक वर्ष आणि तिच्या प्रशिक्षकाला त्याच्या दुप्पट.

भारतात त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला गेला. एकच वर्ष, म्हणजे रिओ ऑलिंपिकची पात्रता अजून हाताशी, अशी मनाची समजूत काढली गेली. त्या समजुतीत मूळ प्रश्न बुडाला. शिस्तपालन समितीपुढे विषय होता सरिताचं वागणं. तिचं म्हणणं समितीच्या कक्षेत येतच नव्हतं. इंचॉनच्या त्या तीन गुणपत्रिका आणि आठ मिनिटांचं चित्रीकरण शेजारी-शेजारी ठेवून 'या राउंडला तुम्ही १०-९ असे गुण का दिलेत' हे पंचांना विचारण्याची जागा इंचॉनच्या हॉलमध्ये नव्हती, परिषदेच्या सुनावणीत नव्हती आणि आयबाच्या समितीतही नव्हती. तीन दारं ठोठावून झाली आणि तिन्ही ठिकाणी चर्चा झाली ती दार किती जोरात ठोठावलं याची.

कोरियाचं रिंग आणि जुनी जखम

इंचॉनपासून सोल तासाभराच्या अंतरावर. तिथे १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये जे घडलं त्याची सावली या प्रकरणावर आहे.

२ ऑक्टोबर १९८८. लाइट मिडलवेट या वजनी गटाची अंतिम बाउट. अमेरिकेचा १९ वर्षांचा रॉय जोन्स विरुद्ध यजमान कोरियाचा पार्क सी-हुन. मोजलेल्या ठोशांची नोंद होती ८६ विरुद्ध ३२, जोन्सच्या बाजूने. निकाल लागला ३-२, पार्कच्या बाजूने. पार्कलाच तो पटला नव्हता. स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट बॉक्सरला मिळणारा व्हॅल बार्कर चषक मात्र जोन्सला दिला गेला, म्हणजे ज्याला सुवर्णपदकाच्या लायक मानलं नाही त्यालाच सर्वोत्तम म्हटलं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पुढे चौकशी केली आणि १९९७ मध्ये भ्रष्टाचाराचा पुरावा नाही म्हणून फाइल बंद केली. पदक आजही बदललेलं नाही. पार्क सी-हुनचं उरलेलं आयुष्य त्या सोन्याखाली दबून गेलं, आणि २०२३ मध्ये तो स्वतः अमेरिकेत जोन्सच्या घरी जाऊन ते पदक त्याच्या हाती देऊन आला. चुकीच्या निकालाने जिंकणाऱ्याचंही काय होतं, याचं यापेक्षा बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

पण सोलची दुसरी एक गोष्ट मला सरिताच्या संदर्भात जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात अन्यायाची भावना कोरियन खेळाडूच्या बाजूला आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये कोरियाचा ब्यून जोंग-इल हा बॉक्सर बल्गेरियाच्या अलेक्झांडर ह्रिस्तोवकडून हरला. न्यूझीलंडचे रेफ्री कीथ वॉकर यांनी डोकं मारल्याबद्दल ब्यूनचे गुण कापले होते. कोरियन संघाची माणसं रिंगमध्ये घुसली, रेफ्रीवर धावून गेली. हे सगळं शमलं तरी ब्यून रिंगमध्येच बसून राहिला, एकटा, ६७ मिनिटं. अखेर हॉलमधले दिवे मालवले गेले.

ब्यून हरला होता की नाही, हा वेगळा विषय. पण दिवे गेलेल्या हॉलमध्ये रिंगच्या कोपऱ्यात बसलेला तो मुलगा आणि २६ वर्षांनी इंचॉनच्या व्यासपीठावर रडणारी सरिता, दोघांनाही एकाच गोष्टीने तिथे आणलं होतं. आपलं म्हणणं ऐकून घेणारं कुणी नाही, तेव्हा उरतं ते आपलं शरीर आणि ते जिथे उभं आहे ती जागा.

सोलनंतर बॉक्सिंगने गुणपद्धत बदलली. बार्सिलोनाला १९९२ मध्ये बटणांचं यंत्र आलं. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच ठोसा मोजायचा. त्याने मनमानीला थोडा लगाम बसला, पण पोटावरचे ठोसे, जवळून मारलेले झपाट्याचे ठोसे यंत्राच्या नजरेतून सुटायला लागले आणि बॉक्सर दुरून टिचक्या मारून गुण जमवायला लागले. २०१३ मध्ये ते यंत्र काढलं आणि पुन्हा पंचांच्या नजरेवर भिस्त ठेवली. नजर परत आणली, पण नजर तपासायची सोय तिच्याबरोबर आणली नाही. दीड वर्षात इंचॉन झालं.

आणि पुढे रिओ. २०१६ मध्ये आयर्लंडच्या मायकेल कॉनलनने रशियाच्या निकितिनविरुद्धच्या निकालानंतर पंचांकडे पाहून जे हातवारे केले ते जगाने पाहिले. या वेळी मात्र विषय तिथेच थांबला नाही. रिओतल्या सर्व ३६ पंच-रेफ्रींना पुढे बाजूला ठेवलं गेलं, आणि २०२१ मध्ये रिचर्ड मॅक्लारेन यांच्या चौकशीने रिओत बाउटचे निकाल फिरवण्याची एक यंत्रणाच कार्यरत होती असं म्हटलं. ती चौकशी रिओची होती, इंचॉनची नव्हे. इंचॉनमध्येही तसंच झालं असं मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा नाही. पण त्या चौकशीनंतर एक गोष्ट बदलली : पंचांवर शंका घेणारा खेळाडू म्हणजे रडीचा डाव खेळणारा, हे आपोआप धरून चालणं बंद झालं. ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये आयबाची मान्यता स्थगित केली आणि २०२३ मध्ये ती पूर्णच काढून घेतली.

अरुंद दार

२०१९ येईपर्यंत गुणांवर दाद मागायची एक सोय आयबाने केली होती. प्रशिक्षकाने पिवळं कार्ड दाखवायचं, म्हणजे बाउट पुन्हा पाहिली जाईल. पण कधी? निकाल ३-२ किंवा ३-१ असा विभागलेला असेल तरच.

ऑक्टोबर २०१९ मध्ये रशियातल्या उलान-उदे इथे जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मेरी कोम तुर्कस्तानच्या चाकिरोग्लूकडून १-४ ने हरली. भारताने पिवळं कार्ड दाखवलं. ते फेटाळलं गेलं : निकाल ४-१ आहे, दाद मागायच्या मर्यादेत बसत नाही.

आता इंचॉनची ती बाउट या नव्या नियमात बसवून पाहा. निकाल ३-०, एकमुखी. सरिताला या दारातूनही आत घेतलं नसतं. पंच जेव्हा आपसात भांडतात तेव्हा बाउट पुन्हा पाहायची, आणि सगळे एका सुरात बोलतात तेव्हा नाही. पंचांचं एकमत हेच ते बरोबर असल्याचा पुरावा, असं या नियमाने धरलं होतं. मी वर टाइमकीपरच्या खुर्चीबद्दल लिहिलं ते यासाठीच. एकाच हॉलमध्ये, एकाच गर्दीचा एकाच वेळी उठणारा आवाज ऐकत बसलेल्या पंचांचं एकमत हे त्या गर्दीचंही मत असू शकतं. एकमुखी निकाल तपासायला लागतील इतके दिवस कुठल्याच स्पर्धेकडे नसतात, हे मान्य. पण राउंडगणिक गुण आणि त्यांची कारणं लेखी मागवून स्पर्धेनंतर तरी ती चित्रीकरणाशी ताडून पाहता येतील. पदक बदलणार नाही. हरलेल्या मुलीच्या हाती निदान एक उत्तर पडेल.

सरिताचं पुढे

बंदी संपल्यावर ती परतली. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिलाँगला दक्षिण आशियाई स्पर्धेत ६० किलोचं सुवर्ण जिंकलं. रिओची जागा मात्र हुकली. त्या वर्षी एकही भारतीय महिला बॉक्सर रिओला पोचली नाही. जानेवारी २०१७ मध्ये इंफाळला आपल्या माणसांसमोर व्यावसायिक बाउट लढून जिंकली, आणि मग पुन्हा हौशी बॉक्सिंगमध्ये आली.

नोव्हेंबर २०१८, नवी दिल्ली, पुन्हा जागतिक स्पर्धा. बारा वर्षांपूर्वी याच शहरात ती विश्वविजेती झाली होती. समोर आयर्लंडची केली हॅरिंग्टन, जी त्या स्पर्धेत सुवर्ण घेऊन गेली आणि पुढे दोनदा ऑलिंपिक विजेती झाली. विभागलेल्या निर्णयाने सरिता हरली. आपण जिंकलो होतो असं तिला वाटत होतं, तसं ती बोललीही. मग म्हणाली की एकदा बंदी भोगली आहे, आता काय बोलणार. आणि ती रिंगमधून उतरून गेली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये, ज्या महिन्यात मेरी कोमचं पिवळं कार्ड परत आलं त्याच महिन्यात, आयबाने प्रथमच खेळाडूंचा आयोग नेमला. आशिया खंडातर्फे त्यावर निवडून आली लैश्राम सरिता देवी.